गोदूताईंची दक्षिण

आमच्या शाळेच्या भूगोलाच्या वर्गात एकाच खिळ्यावर तीन नकाशे टांगलेले असत. सगळ्यांत खाली ग्वाल्हेर संस्थानाचा, कापडावर डकवलेला, कडांना जीर्ण झालेला. त्याच्यावर मध्यभारताचा. आणि सर्वांत वर नव्या मध्यप्रदेशाचा, अजून खळीचा वास येणारा. राज्य बदललं की नवा नकाशा येई आणि शिपाई जुना उतरवायला स्टूल घेऊन येई. गोदूताई त्याला म्हणत, "उतारो मत भैया, इसी के ऊपर टाँग दो." दुपारी खिडकीतून वारा आला की तिन्ही नकाशे एकदम उचलले जात आणि खालच्या दोघांच्या कडा दिसत.

मुख्याध्यापिकांनी एकदा हटकलं, की जुनी राज्यं अशी भिंतीवर ठेवणं बरं दिसत नाही. गोदूताई म्हणाल्या, "राज्यं जुनी झाली, नद्या तर त्याच आहेत ना. मुलींना वरचं पान उचलून बघू द्या."

गोदूताई पारसनीस गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्याविषयी काही लिहावं म्हणून बसते, तेव्हा मला आधी तो खिळा आठवतो. चेहरा मागून येतो. उंच, किडकिडीत अंग, पांढऱ्या साडीला बोटभर निळा काठ, आणि कपाळावर आडवा धरलेला हात. उन्हात असोत की सावलीत, काही निरखून बघायचं झालं की तो हात आपोआप कपाळावर जाई. मी त्याच शाळेत संस्कृत शिकवत असे. वयाने बरीच लहान. शिक्षिकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, एवढीच आमच्या ओळखीची सुरुवात.

शाळेत शिकवण्याची भाषा हिंदी होती आणि मुली शिक्षिकांना बहनजी म्हणत. गोदूताईंना त्या पाठीमागे "कैसे-मालूम बहनजी" म्हणत. कारण उघड होतं. मुलीने काहीही उत्तर दिलं, बरोबर असो की चूक, त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे: "कैसे मालूम?" घरी, गल्लीत, आमच्याशी बोलताना त्याचंच "कशावरून?" होई. भाजीवाला म्हणाला की मटार आज सकाळीच तोडलेत, तर "कैसे मालूम?" मी म्हटलं की आज पाऊस पडेल, तर "कशावरून?" नवा माणूस आधी दुखावला जाई. मग त्याच्या लक्षात येई की बाईंना त्याच्यावर अविश्वास दाखवायचा नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं आहे. भाजीवाला त्यांना मटाराच्या देठाचा ओलेपणा दाखवू लागला. पुढे पुढे तो त्यांची वाटच पाहत असे.

पृथ्वीच्या पोटातले थर त्या गजकेवर शिकवत. थंडीत आमच्याकडे मुरैन्याची तिळाची गजक येते, पापुद्र्यापापुद्र्यांची. ती मोडून त्या थर दाखवत, कुठला दाबला गेला, कुठला वर आला, आणि तास संपला की ते थर मुलींना खायला देत. पुष्कळ वर्षांनी बाजारात भेटलेली एक विद्यार्थिनी मला म्हणाली होती, "भूकंप का नाम सुनती हूँ तो मुँह में तिल का स्वाद आ जाता है."

गोदूताई लहानपणीच विधवा झालेल्या. थोरले भाऊ आप्पा आणि वहिनी यांच्याजवळ ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, सराफा बाजाराच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर राहत. आप्पांना मूल नव्हतं. घरात ही तिघंच. आप्पा आधी संस्थानच्या कचेरीत, मग तीच कचेरी मध्यभारताची झाली तेव्हा तिच्यात. त्यांनी आईला ती जाताना शब्द दिला होता की गोदूला कधी एकटं टाकणार नाही, आणि तो शब्द ते रोज कोट चढवावा तसा अंगावर वागवत. गोदूताईंना शिकवलं त्यांनीच, नोकरी करू दिली त्यांनीच. गोदूताईंनीही त्यांच्या शब्दाला कधी नाही म्हटल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

त्या घराच्या गच्चीला पूर्वेकडे एक कठडा होता. त्यावर गेरूच्या उभ्या रेघा ओढलेल्या. गोदूताई पहाटे गच्चीच्या ठरलेल्या कोपऱ्यात उभ्या राहत आणि सूर्य कठड्यावर जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे रेघ मारत. उन्हाळ्यात रेघा डावीकडे सरकत, थंडीत उजवीकडे. वहिनींचे पापड त्याच गच्चीवर वाळत.

"वन्सं, हा कठडा आहे की पंचांग? माझी चादर पाहा, सगळा गेरू लागून गेला."

"वहिनी, एवढी एक रेघ. आज परतायचा दिवस आहे त्याचा."

"तो परतून जाईल हो, तुम्ही नाही मोजलं तरी. चादर नाही परतायची."

वहिनी बोलायला फटकळ होत्या, पण गोदूताईंच्या ताटात आधी वाढायच्या. दिवसभर दोघींचं असं चाले. मी कधी संध्याकाळी गेले की दोघी एकमेकींची तक्रार माझ्याजवळ करत आणि तिसऱ्या वाक्याला स्वतःच हसू लागत.

मुलींनीही ती गच्ची पाहिली होती, आणि त्यावरून एकदा शाळेत गंमत झाली. नव्या राज्याचे एक तपासनीस आले होते. त्यांनी पाचवीतल्या मुलीला विचारलं, "सूरज किस दिशा में उगता है?" मुलगी उभी राहिली आणि अदबीने म्हणाली, "सर, किस महीने में?"

तपासनिसांना वाटलं, मुलगी उद्धट आहे. गोदूताई त्यांना म्हणाल्या, "साहब, उसने ठीक पूछा है." मग खडू घेऊन त्यांनी फळ्यावर कठडा काढला, रेघा काढल्या. गृहस्थ भला होता. सगळं ऐकून घेतलं, चहा प्यायला, आणि जाताना म्हणाला, "बहनजी, बात आपकी सही है, पर पर्चे में पूरब ही लिखवाइएगा." गोदूताईंनी ते मान्य केलं. मुलींना सांगितलं, परीक्षेत पूर्व लिहा आणि घरी जाऊन बघा.

नवं राज्य झालं तशी बाहेरगावच्या अधिकाऱ्यांची कुटुंबं ग्वाल्हेरला आली आणि आमची माणसं बाहेर जाऊ लागली. अशीच होशंगाबादेकडची एक मुलगी सातवीत आली. गोदूताई नवा भूगोल शिकवत होत्या. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण पचमढीचं धूपगड. काल तो डोंगर दुसऱ्या राज्यात होता, आज जागचा न हलता आपला झाला. डोंगरावर सूर्य उगवतो तेव्हा ऊन आधी शिखराला लागतं, मग हळूहळू खाली उतरतं, आणि डोंगराची सावली दुसऱ्या बाजूला मैलोन्मैल पडते. सगळं त्या नेहमीच्या ओढीने सांगत होत्या. ती नवी मुलगी उठली.

"बहनजी, आपने पहाड़ देखा है?"

वर्ग हसला. ग्वाल्हेरात काय, किल्ल्याचा डोंगर रोजच समोर. पण गोदूताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "किला तो टीला है बेटा. पहाड़ नहीं देखा."

"तो फिर कैसे मालूम?"

मी शेजारच्या वर्गात होते. तिकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं कुणी पडलं-झडलं की काय. मग गोदूताईंचा आवाज आला, "शाबाश. बैठो." त्या दिवशी शिक्षिकांच्या खोलीत त्या चहा समोर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. शेवटी मला म्हणाल्या, "कुसुम, इतकी वर्षं मी ऐकीव शिकवते आहे ग."

नेमकं त्याच आठवड्यात आप्पांची कचेरी भोपाळला हलवण्याचा हुकूम निघाला.

त्या हिवाळ्यात लश्करातल्या कितीतरी दक्षिणी घरांत एकच बोलणं होतं. आम्हा मराठी माणसांना तिथले लोक दक्षिणीच म्हणत, अजून म्हणतात, जरी आमच्यातल्या बहुतेकांनी दक्षिण पाहिलेली नव्हती. कुणाचं सामान बांधलं जात होतं, कुणी थाटीपूरचे सरकारी क्वार्टर सोडत होते. आप्पांनी फार बोलणं केलं नाही. म्हणाले, "सरकार जिकडे, तिकडे नोकरी. आपण तिघं जाऊ." गोदूताईंनी शाळेचा राजीनामा द्यायचा, हे त्या वाक्यातच आलं होतं. ते वेगळं बोलायची गरज आप्पांना वाटली नाही. आणि गोदूताईंना नाही म्हणायची सवय नव्हती.

त्या शाळेत येत, शिकवत, गजक मोडत. पण राजीनामा लिहीत नव्हत्या. मी विचारलं, "ताई, तुम्हाला जायचंय का?"

"आप्पाने आईला शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

मग एका संध्याकाळी, मी त्यांच्याकडे बसले असताना, त्यांनी आप्पांकडे एक मागणं केलं. भोपाळला जाण्याआधी एकदा पचमढीला जाऊन धूपगडावरून सूर्योदय बघायचा. आप्पांनी चष्मा काढला. एवढ्या वर्षांत बहिणीने काही मागितल्याचं बहुधा त्यांनाही आठवत नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "सूर्य बघायला इतक्या लांब? इथे उगवत नाही वाटतं?"

"इथे डोंगर नाही, वहिनी."

"आणि रथसप्तमी आली आहे तोंडावर. त्या दिवशी मी घराबाहेर नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे."

"मग रथसप्तमी तिथेच करू. सूर्याचाच तर दिवस."

वहिनींचे डोळे चमकले. रथसप्तमीला अंगणात सूर्यासमोर गोवऱ्यांवर बोळक्यात दूध तापवतात आणि उतू जाऊ देतात. ज्या दिशेला उतू जाईल ती दिशा त्या साली भरभराटीची, असं वहिनी मानत. दर साली त्या दुधावरून निकाल सांगत आणि आप्पा वर्तमानपत्राआडून "बरं" म्हणत.

"चालेल," वहिनी म्हणाल्या. "पण मग दुधालाच विचारू. तुमचा राजीनामा अडून राहिलाय, मला दिसतं सगळं. दूध दक्षिणेला गेलं, तर हट्ट सोडून मुकाट भोपाळला यायचं. दुसरीकडे कुठे गेलं तर... तर मग बघू."

भोपाळ ग्वाल्हेरच्या दक्षिणेला, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. गाडी त्या बाजूला जायची. मला वाटलं गोदूताई हसण्यावारी नेतील. दुधाला त्या "कशावरून?" विचारतील. पण त्यांनी क्षणभर वहिनींकडे पाहिलं, कपाळावर हात नेला, आणि म्हणाल्या, "बरं."

सोबतीला मला घेतलं. वहिनींनी बोळकं जुन्या शालीत गुंडाळलं आणि गोवऱ्यांची पिशवी भरली. आप्पा म्हणाले की गोवऱ्या तिकडे पण मिळून जातील, गायी तिकडे पण असतात. वहिनी म्हणाल्या, "तिकडच्या गायींचं मला काय माहीत?" ती पिशवी इटारसीला गाडी बदलताना, पिपरियाला उतरताना आणि पुढे घाटाच्या मोटारीत वहिनींच्या मांडीवर होती. गोदूताई खिडकीशी. घाट सुरू झाला तशा त्या आमच्यात राहिल्याच नाहीत. एकेका वळणावर "अगं, दगड बघ कसा उभा चिरलाय" असं पुटपुटत, आणि परत काचेला कपाळ लावत.

रथसप्तमीच्या पहाटे एक जीप ठरवली होती. जीप जिथवर गेली तिथवर गेलो आणि शेवटचा चढ पायी चढलो. वर वारा असा की पदर आवरेना. आकाश राखाडी, पूर्वेकडे जरा फटफटलेलं. वहिनींनी एका सपाट दगडावर रक्तचंदनाने सूर्य काढला, चूल मांडायला तीन दगड निवडले आणि उठून उभ्या राहिल्या.

"वन्सं, दक्षिण कुठली हो?"

गोदूताईंनी आभाळाकडे पाहिलं, मग हात लांब केला. "ही."

"नक्की?"

"नक्की."

वहिनी चुलीशी बसल्या. आप्पा वारा अडवायला उत्तरेच्या बाजूला कोट पसरून उभे राहिले. मी गोवऱ्या हातात देत होते, म्हणून मला दिसलं. वहिनींनी बोळकं ठेवलं, नीट बसवलं, आणि गोदूताईंची पाठ वळलेली बघून आप्पांच्या बाजूच्या दगडाखाली एक चपटा खडा हळूच सारला. बोळकं दक्षिणेकडे कललं. माझ्याकडे बघून त्यांनी डोळे वटारले. मी गोवरीला फुंकर घालू लागले.

गोवऱ्या पेटायला वेळ लागला. धुराने सगळ्यांचे डोळे लाल. दुधावर साय धरू लागली आणि आम्ही तिघं त्या बोळक्यावर वाकलो. माझीही नजर तिथून हलेना, कारण आता मला खरोखर भीती वाटू लागली होती. एका बाईचं पुढचं सगळं आयुष्य त्या चपट्या खड्यावर कललेलं होतं. जीपचा ड्रायव्हर मागे येऊन उभा होता. तो एकदम ओरडला, "माताजी, सूरज निकल रहा है!"

"निकलने दो," वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "दूध अभी नहीं आया."

"लोग यहाँ सूरज देखने आते हैं, माताजी," तो बिचारा म्हणाला.

आणि दूध आलं. फेस काठाशी थरथरला, फुगला, आणि सूं आवाज करत एका बाजूने खाली घसरला. सगळा दक्षिणेला. वहिनींनी टाळी वाजवली. "दक्षिण! अहो, पाहिलंत ना? कुसुम, तूही पाहिलंस. वन्सं!"

गोदूताई तिथे नव्हत्या. आम्ही वळून पाहिलं. सूर्य पूर्ण वर आला होता, आणि तो उगवताना आम्ही कुणीही पाहिला नव्हता. गोदूताई पलीकडच्या कडेला, सूर्याकडे आणि दुधाकडे पाठ करून, पश्चिमेला तोंड करून उभ्या होत्या. मी धावत गेले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"बघ."

खाली दऱ्यांतल्या धुक्यावर एक प्रचंड निळा त्रिकोण पसरला होता. त्याचं टोक दूर क्षितिजापाशी पोचलेलं. डोंगराची सावली. ती आमच्या डोळ्यांदेखत, अगदी सावकाश, आत आत येत होती.

"त्या टोकाशी आपणही असू कुठेतरी," त्या म्हणाल्या. "सूर्य काय ग, घरच्या गच्चीवरूनही दिसतो. ही इथूनच दिसते."

"ताई, दूध दक्षिणेला गेलं," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

"हो का?" त्या म्हणाल्या, आणि आणखी थोडा वेळ सावलीकडे बघत राहिल्या.

मग चुलीजवळ आल्या. वहिनी उतू गेलेल्या दुधाकडे बोट दाखवून उभ्या. "आता बांधाबांध करा वन्सं. भोपाळ!"

गोदूताई वर्गात विचारावं तसं म्हणाल्या, "वहिनी, आपण आत्ता कुठे उभ्या आहोत?"

"डोंगरावर. आणखी कुठे?"

"भोपाळ दक्षिणेला आहे ते ग्वाल्हेरहून. इथून भोपाळ तिकडे." त्यांनी वायव्येला हात केला. "आणि ग्वाल्हेर सरळ तिकडे, आप्पाच्या पाठीमागे."

आप्पांनी नकळत मागे वळून पाहिलं.

"मग या बाजूला काय आहे?" वहिनींचा आवाज बारीक झाला.

"छिंदवाडा. मग नागपूर. तसंच पुढे जात राहिलं तर आपला मुलूख, जिथून पणजोबा घोड्यावर बसून आले."

ड्रायव्हरला मराठी कळत नव्हतं, पण वहिनींचा चेहरा बघून तो तोंड फिरवून हसू लागला. जन्मभर ग्वाल्हेरात राहिलेल्या आम्हा माणसांना सगळंच दक्षिणेला. इंदूर, भोपाळ, पुणं, सगळं. आपण स्वतः भोपाळच्याही दक्षिणेला जाऊन उभं राहू शकतो, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आप्पा सरकारी नोकर, त्यांच्याही नाही.

वहिनी दगडावर बसल्या. "म्हणजे दुधानं सांगितलं तरी काय?"

"काही नाही, वहिनी."

"मी तर खडासुद्धा..." त्या बोलता बोलता थांबल्या आणि पदर तोंडाला लावला. मग पदराआडून म्हणाल्या, "तिथे मला कोण आहे हो, वन्सं? हे जातील कचेरीत. मी दिवसभर भांडू कोणाशी?"

गोदूताई त्यांच्याजवळ बसल्या. मग आप्पा जवळ आले. कोटाची बटणं लावत, बहिणीकडे न बघता म्हणाले, "गोदू, दुधाला विचारून झालं. तुला मात्र मी विचारलंच नाही. तुला काय हवंय?"

गोदूताईंनी कपाळावर हात नेला, जसं काही दूरचं निरखायचं होतं.

"मला ग्वाल्हेरला राहायचंय, आप्पा. शाळेत."

"एकटी?"

"हो."

"तुझं निभेल, कशावरून?"

त्यांचाच शब्द आप्पांच्या तोंडून आला होता. त्या हसल्या. "ते राहिल्यावरच कळेल ना. राहून बघते."

आप्पांनी मान हलवली. होकार होता की नुसता स्वीकार, मला सांगता येणार नाही. उतरताना रिकामी झालेली पिशवी त्यांनी वहिनींच्या हातून घेतली आणि स्वतः धरली.

शाळेत परतल्यावर सातवीचा पहिला तास त्यांचा होता. मी मुद्दाम दाराशी रेंगाळले. त्यांनी फळ्यावर डोंगर काढला, सूर्य पूर्वेच्या जरा उजवीकडे काढला, आणि मागे तो लांब त्रिकोण. मग त्या नव्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "अब पूछो."

अख्खा वर्ग ओरडला, "कैसे मालूम?"

"देखकर आई हूँ," गोदूताई म्हणाल्या. एवढ्या आनंदाने बोललेलं वाक्य मी शाळेत दुसरं ऐकलं नाही.

आप्पा-वहिनी भोपाळला गेले तेव्हा स्टेशनवर वहिनी खिडकीतून लोणच्याची बरणी देत बजावत होत्या, "पंधरा दिवसांत पळून याल, लिहून ठेवा." गोदूताई त्याच घरात वरची एक खोली आणि गच्ची ठेवून राहिल्या. राहिल्या म्हणजे पुष्कळ राहिल्या. पहिल्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला, कुणी जवळ नव्हतं. एका दिवाळीला त्या माझ्या थाटीपूरच्या घरी आल्या आणि ताटातलं लोणचं नुसतं बोटाने फिरवत बसल्या. निभतंय का, असं मी कधी विचारलं तर म्हणत, "अजून बघते आहे." कठड्यावरच्या रेघा मात्र दर साली ताज्या होत.

खूप नंतर, त्या निवृत्त झाल्यावर, मी त्यांना तो प्रश्न विचारला. "ताई, वहिनींनी पैज लावली तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं ना, की पचमढीहून भोपाळ दक्षिणेला नाही?"

"भूगोल शिकवत होते ग मी," त्या म्हणाल्या.

"आणि खडा? तुमची तर पाठ होती."

"आवाज आला होता."

"पण दूध उत्तरेला गेलं असतं तर? तिकडे ग्वाल्हेरही होतं आणि भोपाळही, जरा बाजूला."

त्यावर त्या खूप वेळ विचार करत राहिल्या, जणू हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला होता. मग म्हणाल्या, "मग मला आपणहून बोलावं लागलं असतं. बोलले असते का, कोण जाणे." आणि वर म्हणाल्या, "हे मात्र आता बघता येणार नाही."

आप्पा भोपाळलाच वारले. गोदूताई जाऊन वहिनींना घेऊन आल्या. वहिनी एक ट्रंक आणि शालीत गुंडाळलेलं बोळकं घेऊन त्या खोलीत आल्या आणि दुसऱ्याच दिवशी गेरूवरून तक्रार सुरू झाली. गल्लीतल्या लोकांनी मला सांगितलं की आता त्या घरातून पुन्हा आवाज येतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका रथसप्तमीला. तोवर मी दर्पण कॉलनीत राहायला गेले होते. पहाटे रिक्षा करून लश्करात पोचले आणि जिना चढून गच्चीच्या दाराशी थांबले. दोघींना माझी चाहूल लागली नव्हती. वहिनी, पाठीत पार वाकलेल्या, चुलीशी बसून बोळक्यावर नजर लावून होत्या. गोदूताई काठीवर रेलून, सूर्याकडे पाठ करून उभ्या. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं म्हणे. तरी एक हात कपाळावर होता आणि त्या पलीकडच्या भिंतीवर पडलेल्या स्वतःच्या लांब सावलीकडे बघत होत्या.

दूध उतू गेलं. गोवऱ्यांतून सूं आवाज आला.

"उत्तरेला गेलं हो, वन्सं," वहिनी म्हणाल्या.

गोदूताईंनी मान वळवली नाही.

"कशावरून?" त्या म्हणाल्या.